चित्रं काढणाऱ्या पोरापोरींची पहिली फिल्म : कोल्हापुरात राहून, हातातल्या मोबाइलवर

एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट झाली, ग्रेड मिळाली, दहावीला वाढीव गुण पदरात पडले आणि रंगपेटी माळ्यावर गेली. आपल्याकडं बऱ्याच घरांत चित्रकलेचा प्रवास इथंच संपतो. पण काही पोरांना चैन पडत नाही. ती वहीच्या मागच्या पानांवर मारामारीचे प्रसंग काढत राहतात, मित्राच्या वाढदिवसाचा व्हिडिओ जोडून देतात, गणपतीत मंडळाच्या देखाव्यात लुडबुड करतात आणि एक दिवस म्हणतात, चला, आपण फिल्म करू. हा लेख त्यांच्यासाठी आहे. आईवडिलांनी वाचला तरी चालेल, विशेषतः ‘चित्रं सोडली आणि मोबाइल घेऊन बसलाय’ अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी.

ज्याला चित्र येतं त्याला फ्रेम लावायला वेगळं शिकवावं लागत नाही. चौकटीत काय घ्यायचं, काय गाळायचं, उजेड कुठून येतोय, हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. त्याचं अडतं ते तीन ठिकाणी : वेळ, आवाज आणि माणसं. कागदावर या तिन्हींशी कधी गाठ पडलेली नसते. म्हणून चित्रकार पोरांच्या पहिल्या फिल्मा बघायला देखण्या आणि ऐकायला नकोशा असतात, आणि दीड मिनिटाचा ऐवज पाच मिनिटं चालतो. खाली या तीन गोष्टींवर जास्त बोललोय. कॅमेऱ्याच्या मॉडेलवर जवळजवळ काहीच बोललो नाही, तेही मुद्दाम.

आपल्या गावाला हा रस्ता नवा नाही. बाबूराव मेस्त्री म्हणजे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) आणि आनंदराव पेंटर हे दोघं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमाचं वेड लागल्यावर कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूरावांनी काम पुढं नेलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. प्रसंगांची, पोशाखांची रेखाटनं ते आधी करून ठेवायचे, पोस्टरही स्वतः रंगवायचे. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि त्यांचे सोबती १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढतात तीही कोल्हापुरातच, आणि १९३३ मध्ये पुण्याला जातात. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथनं रोज जाणाऱ्या किती जणांनी मान वर करून बघितलाय कुणास ठाऊक. या मंडळींनी कॅमेरा हातात घेतला म्हणून ब्रश खाली ठेवला नव्हता. तुम्हीही ठेवू नका.

वही चालू ठेवा, पण रेखाटायचं दुसरं काहीतरी

फिल्मसाठी निसर्गचित्र फारसं कामाचं नाही. रंकाळ्यावरचा सूर्यास्त सगळ्यांनी काढलाय आणि सगळ्यांच्या मोबाइलमध्येही आहे. काम करणारी माणसं काढा. गंगावेशीत दुधाची धार काढणारा, चप्पल लाइनला गिऱ्हाइकाच्या पायात चप्पल घालून बघणारा दुकानदार, मध्यवर्ती बसस्थानकावर बॅगेवर बसून पेंगणारी बाई. एका माणसाची तीन चित्रं : काम सुरू करण्याआधी, मधे आणि संपल्यावर. पेन्सिल फार घासू नका, अर्ध्या मिनिटात एक. हात कुठं आहे, पाठ किती वाकली, मान कुठं वळली, एवढंच पकडा. एका चित्राकडनं दुसऱ्याकडं जाताना काय बदललं, हे बघायची सवय लागली की अर्धं दिग्दर्शन आलं.

जोडीला एक पुठ्ठा घ्या आणि त्यात १६ सेंटिमीटर रुंद, ९ सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापा. मोबाइल आडवा धरल्यावर हीच चौकट मिळते. ड्रॉइंग पेपर वेगळ्या मापाचा असतो, त्यामुळं चित्रकार पोरं डोक्यावर नि पायाखाली भरपूर जागा सोडतात आणि पडद्यावर माणूस मुंगीएवढा दिसतो. ही खिडकी डोळ्यासमोर धरून आठवडाभर गल्लीत फिरा. लोक हसतील. हसू दे.

तिसरा सराव परीक्षेतलाच आहे, फक्त आपण त्याकडं गुणांचा विषय म्हणून बघितलं : स्मरणचित्र. बाजार, बसस्टॉप, लग्नघर आठवून काढायचं. आता तोच विषय एका कागदावर न काढता सहा चौकटींत काढा. पहिल्या चौकटीत अख्खा बाजार, दुसरीत एक भाजीवाली, तिसरीत तिचा तराजू, चौथीत गिऱ्हाइकाचं तोंड... कागद तोच, पण आता कुठली गोष्ट आधी दाखवायची हे तुम्हाला ठरवावं लागतंय.

चित्र हलवून बघा

कॅमेऱ्याकडं जायच्या आधी एकदा तरी फ्लिपबुक करा, म्हणजे पानं भराभर सोडली की चित्र हलताना दिसतं ती वही. जुन्या वहीचा उजवा खालचा कोपरा घ्या, पानागणिक एक चित्र. सेकंदाला बारा चित्रं धरली तर दोन सेकंदांना चोवीस पानं लागतात. चेंडू टप्पा खातो, एवढाच विषय घ्या. चेंडू वर पोचताना हळू होतो, म्हणजे तिथली चित्रं एकमेकांजवळ आणि खाली येताना लांब लांब. हे एकदा हातानं केलं की वेळ म्हणजे काय ते कळतं, आणि पुढं एडिटिंगला बसल्यावर आठवतं.

मग मोबाइलवर स्टॉप मोशन, म्हणजे एकेक फोटो ओळीनं जोडून वस्तू हलताना दाखवणं. शाडू माती आपल्याकडं सहज मिळते, गणपतीच्या आधी कुंभार गल्लीत मागितली तर मूठभर कुणीही देईल. टेबलावर एक बारकं माणूस करा, मोबाइल पुस्तकांच्या चवडीत घट्ट रोवा, एक फोटो, किंचित हलवा, परत एक फोटो. दोन गोष्टी सांभाळा. एक, खिडकीच्या उजेडात करू नका, ढग आला-गेला की चित्र लुकलुकतं. खिडकी बंद आणि एकच दिवा. दुसरी, पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर मोबाइल प्रत्येक फोटोला स्वतःची अक्कल चालवतो. माती वाळून तडे जायला लागली की ओला फडका टाकून ठेवायचा, हे मूर्तिकाराकडनं शिकून घ्या.

काही जण इथंच रमतात, अॅनिमेशनमध्येच राहतात. उत्तम आहे. पुढचं वाचायची सक्ती नाही.

गोष्ट : नव्वद सेकंद, एक अडचण

पहिल्या फिल्ममध्ये खून, आत्महत्या, दारू, स्वप्न आणि ‘शेतकऱ्याची व्यथा’ यातलं काही नको. हे विषय वाईट नाहीत, पण अठराव्या वर्षी मित्राला दाढी चिकटवून शेतकरी केला की प्रेक्षक हसतात आणि तुमचं मन खट्टू होतं. जे रोज बघता तेवढंच घ्या. एक माणूस, त्याला एक काम करायचंय, मधे एक अडचण. संवाद शक्यतो नकोच.

एक उदाहरण घेऊन पुढं जाऊ, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. एक मुलगी सायकलवरून बाबांचा डबा दुकानात पोचवायला निघालीय. डबा पांढऱ्या धुतलेल्या कापडी पिशवीत, पिशवी हँडलला. शिवाजी पेठेतल्या एखाद्या उताराच्या बोळात चेन पडते. ती खाली बसून चेन बसवते, हात वंगणानं काळे होतात. इतक्यात पिशवी हँडलवरून घसरायला लागते. धरली तर काळी होणार, सोडली तर आमटी रस्त्यावर. संपली गोष्ट. याच्यात नायक आहे, संकट आहे, पेच आहे, आणि खर्च शून्य.

शेवट तुम्ही ठरवा. मला आवडेल तो असा : ती पिशवीचा बंद कोपराच्या खाचेत अडकवून, काळे हात वर धरून चालत दुकानात पोचते आणि बाबा डबा घ्यायच्या आधी तिच्या तळहातावर साबणाची वडी ठेवतात. इथं त्यांना ‘अगं काय हे!’ म्हणायला लावलंत की सगळं सपाट झालं.

स्टोरीबोर्ड : इथं तुमची चित्रकला वसूल होते

स्टोरीबोर्ड म्हणजे फिल्मचे शॉट आधी कागदावर काढून ठेवणं. एका ए-फोर कागदावर सहा चौकटी, त्याच १६ बाय ९ च्या मापात. प्रत्येक चौकटीखाली तीन ओळी : काय दिसतं, काय ऐकू येतं, किती सेकंद. चित्रकार पोरं दुसरी आणि तिसरी ओळ हमखास रिकामी सोडतात. सोडू नका. आणि शेडिंग करू नका. सुंदर स्टोरीबोर्डचा एक धोका असतो, त्याच्या प्रेमात पडून शूटिंगच राहून जातं. काड्यांची माणसं चालतील, पण माणूस चौकटीत किती मोठा आणि कुठल्या दिशेला तोंड करून, हे चुकता कामा नये.

डब्याच्या गोष्टीत पहिला लाँग शॉट, म्हणजे लांबून : बोळ, उतार, सायकल डावीकडून उजवीकडं. मग हँडलला झुलणाऱ्या पिशवीचा क्लोजअप, अगदी जवळून. मग पॅडल रिकामं फिरतंय, चेन लोंबतेय. मिड शॉट, म्हणजे मधल्या अंतरावरून, ती उतरते, खाली बसते. बोटं आणि चेन अगदी जवळून. परत पिशवी, आता बंद हँडलच्या टोकाकडं सरकतोय. तिचा चेहरा. तिचे दोन काळे हात, हवेत अधांतरी. पिशवी, चेहरा आणि हात हे तीन शॉट म्हणजे फिल्मचा जीव. प्रेक्षकाला पेच कुणी सांगितला नाही, त्यानं तो या तिघांची बेरीज करून स्वतःच ओळखला.

चौकटीत बाण काढा. सायकल डावीकडून उजवीकडं निघाली तर दुकानात पोचेपर्यंत तिनं डावीकडून उजवीकडंच जायचं. मधल्याच एका शॉटला तुम्ही रस्त्याच्या पलीकडं जाऊन कॅमेरा लावलात की पडद्यावर ती उलटी फिरून घरी निघाल्यासारखी दिसते. नवख्या फिल्मांमधला हा सगळ्यात नेहमीचा घोळ आहे आणि कागदावरच्या बाणानं तो फुकटात टळतो.

रेकी, परवानगी आणि सूर्य

जागा बघायला जाणं म्हणजे रेकी. ज्या वेळेला शूटिंग करणार त्याच वेळेला जायचं. सकाळी आठला शांत असलेला बोळ साडेदहाला रिक्षांनी भरतो. जागेवर उभं राहून दोन मिनिटं डोळे मिटा आणि ऐका : पिठाची गिरणी आहे का, शाळा कधी सुटते, कुत्री कुणाची.

उजेडाचं गणित कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. अंबाबाईच्या किरणोत्सवात नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या तीन दिवशी मावळतीची किरणं मूर्तीच्या चरणांपासून वर चढत जातात. सूर्य एका जागी मावळत नाही, रोज थोडा सरकतो, हे देऊळ बांधणाऱ्यांनी ध्यानात घेतलं होतं. तुमच्या बोळातही तेच. आज साडेचारला भिंतीवर पडलेली तिरीप महिन्यानं तिथं नसेल. म्हणून एका जागेचं शूटिंग एकाच आठवड्यात, एकाच वेळेत संपवा.

दुपारी बारा ते तीन उघड्यावर चेहरे घेऊ नका, डोळ्यांच्या खोबणीत काळं पडतं. अरुंद बोळ मात्र याला अपवाद. एका बाजूच्या चुन्याच्या भिंतीवर ऊन आपटून दुसऱ्या बाजूला जो मऊ उजेड येतो, त्याला तोड नाही. तसा नसेल तर थर्माकोलची शीट घ्या. सेटवर दिवे सांभाळणारे लाइटदादाही ‘थर्माकोल आण’ असंच म्हणतात. उन्हाकडं तोंड करून धरायची, उजेड चेहऱ्यावर परतवायचा. ऊन फार कडक असेल तर दोघांनी जुनं पातळ पांढरं धोतर ताणून डोक्यावर धरायचं.

परवानगीचं थोडक्यात. खासगी दारात शूट करणार तर घरमालकाला आदल्या दिवशी सांगा, त्याच दिवशी नाही. देवळाच्या आत कॅमेरा न्यायचा विचार सोडा. पन्हाळ्यासारख्या संरक्षित जागेत ट्रायपॉड उघडलात की अडवतील, तेव्हा आधी पुरातत्त्व खात्याकडं चौकशी करा. ड्रोन पहिल्या फिल्मला नकोच, उजळाईवाडीला विमानतळ आहे आणि उड्डाणाचे नियम कडक आहेत. खोटी पिस्तुलं, तलवारी घेऊन रस्त्यावर पळापळीचा सीन मुळीच करू नका. बघणाऱ्याला तुमचा कॅमेरा दिसत नाही, पिस्तूल दिसतं. लहान मूल काम करणार असेल तर त्याच्या आईबाबांना गोष्ट पूर्ण सांगा आणि शूटिंगला एकजण बरोबर राहू दे.

मोबाइल लावताना

भिंग पुसा. खरंच, आधी भिंग पुसा, सुती रुमालानं. खिशातल्या तेलकट काचेतून सगळं धुक्यात दिसतं आणि पोरं म्हणतात कॅमेरा चांगला नाही.

विमान मोडवर टाका, ऐन टेकमध्ये मावशीचा फोन येतो. जागा रिकामी करा : १०८० पी दर्जाच्या व्हिडिओला मिनिटाला साधारण सव्वाशे-दीडशे एमबी जातात, त्याहून वरच्या दर्जाच्या फोर-के मध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट. पहिल्या फिल्मला १०८० पी भरपूर झालं. कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड आत घ्यायचा वेळ, १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळं ट्यूबलाइटखाली तिच्याशी न जुळणारं शटर ठेवलं की चित्रात पट्टे सरकताना दिसतात. झूम वापरू नका, पायानं पुढं जा. ट्रायपॉड नसेल तर तांदळाची पिशवी चालते, मोबाइल तीत हवा तसा रुततो.

कॅमेरा हलवायचा मोह होईल. डब्याच्या गोष्टीत एकही शॉट हलवायची गरज नाही. चित्रकाराला स्थिर चौकट जमते, तीच वापरा. आणि ‘अॅक्शन’ म्हणायच्या आधी पाच सेकंद रेकॉर्डिंग सुरू, ‘कट’ म्हटल्यावर पाच सेकंद चालूच. जोडताना ही जास्तीची शेपटं सोन्याच्या भावात लागतात.

आवाज : इथं घाई केलीत तर सगळं पाण्यात

लोक हलतं चित्र सहन करतात, अंधुक चित्रही सहन करतात, पण खरखरता, घुमणारा आवाज ऐकला की दहाव्या सेकंदाला पुढं सरकतात. मोबाइलचा माइक मोबाइलजवळचं ऐकतो, तुमचा नट तिथनं बारा फुटांवर. हा साधा हिशेब आहे.

उपाय दोन मोबाइलचा. एक चित्रासाठी, दुसरा आवाजासाठी. दुसऱ्याला वायरचा कॉलर माइक लावा, काही शे रुपयांत येतो. शर्टाच्या आतून छातीपाशी, तोंडापासून वीतभर खाली, आणि तो मोबाइल नटाच्या खिशात. कापड घासलं तर खरखर येते, म्हणून माइकच्या मागं-पुढं चिकटपट्टीचा बारका त्रिकोण करून लावतात. रंकाळ्यावर किंवा उघड्या माळावर वारा माइकवर थापडा मारतो, फोमच्या टोपीवर जुन्या खेळण्याचं केसाळ कापड शिवा. दोन्ही मोबाइल सुरू केल्यावर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंगला टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की पुढचं सगळं जुळतं. क्लॅप देतात ती याचसाठी.

डब्याच्या गोष्टीत तर बोलणंच नाही, मग आवाज कशाला? उलट इथं आवाजच सगळं सांगतो. शूटिंगच्या वेळचा बोळाचा आवाज बहुतेक टाकूनच द्यावा लागेल. त्याऐवजी रात्री घरात सायकल उलटी उभी करा, पंखा बंद, फ्रिज बंद, आणि मोबाइल चेनपासून वीतभर अंतरावर धरून एकेक आवाज वेगळा घ्या. मागचं चाक मोकळं फिरताना येणारी टिकटिक. चेन सुटतानाची खटकन. पॅडल रिकामं फिरण्याची फुसकी सळसळ. चेन दातऱ्यात बसते तेव्हाची घट्ट ‘कट्’. पितळी डब्याचं झाकण किंचित वाजतं तो आवाज, कापडी पिशवी रबरी मुठीवर घसरते तो आवाज. हा शेवटचा आवाज खऱ्यात जवळजवळ ऐकू येत नाही, पण फिल्ममध्ये तो मोठा हवा, कारण त्या क्षणी मुलीच्या कानात दुसरं काहीच नाही.

शिवाय बोळात जाऊन कुणालाही बोलू न देता अर्धा मिनिट नुसता बोळ रेकॉर्ड करा. लांबची रिक्षा, कुकरची शिट्टी, कबुतरं. हा आवाज सगळ्या शॉटखाली अंथरायचा, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होताना कानाला धक्का बसत नाही. चित्रात आधी कागदभर फिकट वॉश देता ना, तसंच. रेकॉर्ड केलेलं जागेवरच हेडफोन लावून ऐका. घरी आल्यावर ऐकून उपयोग नसतो.

माणसं

चित्र एकट्यानं होतं. फिल्मला निदान चौघं लागतात : एक कॅमेऱ्यापाशी, एक आवाजाला, एक नट, आणि एक रिकामा, जो रिक्षावाल्याला ‘दोन मिनिटं थांबा की मामा’ म्हणेल. हा चौथा कोल्हापुरात सगळ्यात सोपा मिळतो. त्याला नाष्टा द्या.

नाष्टा सगळ्यांनाच द्या, खरं म्हणजे. मिसळ मात्र शूटिंग संपल्यावर, आधी नाही, नाहीतर नट शॉट सोडून पाणीच पीत बसतो. वेळ सातची सांगितली तर पावणेसातला तुम्ही स्वतः तिथं पाहिजे. मित्र फुकट येतात तेव्हा त्यांचा वेळ मोजून वापरायचा. कुठले शॉट कुठल्या क्रमानं, हा कागद आदल्या रात्री सगळ्यांना पाठवा.

क्रम गोष्टीचा नसतो, सोयीचा असतो. डब्याच्या गोष्टीत स्वच्छ हातांचे सगळे शॉट आधी उरका, मग हात काळे करा आणि उरलेले घ्या. मधेच धुवून परत सुरुवातीला गेलात तर नखांत काळं राहतं आणि ते क्लोजअपमध्ये दिसतं. वंगण खरं लावू नका, काजळात खोबरेल तेल कालवा, साबणानं निघतं. काळे केल्यावर दोन्ही हातांचा फोटो काढून ठेवा, जेवणाच्या सुट्टीनंतर डाग त्याच जागी हवेत. याला कंटिन्युटी म्हणतात, आणि स्थिरचित्र काढताना फळ कुणी हलवलं म्हणून वर्गात भांडलेला माणूस हे काम डोळे झाकून करतो.

नटाला ‘दुःखी चेहरा कर’ असं सांगू नका. काम द्या. ‘पिशवी पडत्येय, हात लावायचा नाही, कसं वाचवशील?’ एवढंच विचारा आणि कॅमेरा चालू ठेवा. चेहरा आपोआप येतो. आणि दोस्त चुकला म्हणून सगळ्यांसमोर ओरडायचं नाही, पुढच्या वेळी तो येत नाही.

जोडणी

मोबाइलवरच जोडायचं तर किनमास्टर, व्हीएन अशी अॅप आहेत. किनमास्टरची फुकट आवृत्ती कोपऱ्यात शिक्का उमटवते, ते आधी लक्षात घ्या. संगणक बरा असेल तर दाविंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं, साध्या संगणकावर केडीएनलाइव्ह चालतं. कुठलं निवडलं याला महत्त्व नाही. सगळं फुटेज दोन ठिकाणी ठेवलंय का, याला आहे.

पहिली जोडणी तीन-चार मिनिटांची होते. घाबरू नका, पण तिथंच थांबू नका. चित्रकाराला स्वतःचा देखणा शॉट कापवत नाही. बोळात तिरपं ऊन पडलंय, धूळ चमकतेय, आठ सेकंद कसं सोडायचं? सोडा. प्रत्येक शॉटला विचारा, यातून नवीन काय कळलं, आणि ते कळल्यावर पुढं कॅमेरा का चालू आहे. चेन पडली हे दीड सेकंदात कळतं. कट हालचालीच्या मधे मारा : ती बसायला लागली की लाँगमधून कापून क्लोजअपमध्ये बसणं पूर्ण होऊ दे, सांधा दिसत नाही. एकदा आवाज पूर्ण बंद करून बघा, एकदा पडदा झाकून नुसतं ऐका. दोन्ही वेळा गोष्ट कळली तर काम झालं.

संगीताबद्दल : सिनेमाचं गाणं खाली टाकलंत की यूट्यूब ते ओळखतं आणि फिल्म अडकते. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो. मित्रानं तेच गाणं पेटीवर वाजवलं तरी चालीवर हक्क असतोच. त्यापेक्षा गल्लीतल्या हलगीवाल्याला बोलवा आणि त्याच्या मनानं वाजवू दे. पण हलगी जपून. नव्वद सेकंदांत एकदाच, तीही पिशवी घसरायला लागते तिथं नाही, दुकानाकडं चालू पडते तिथं.

दाखवा, आणि पुढं

इंटरनेटवर टाकायच्या आधी दहा माणसांना एका खोलीत बसवून दाखवा. पडद्याकडं बघू नका, त्यांच्याकडं बघा. कुठं मोबाइल बाहेर काढला, कुठं चुळबुळ झाली, ते वहीत लिहा. ‘लई भारी झालीय’ यावर विश्वास ठेवू नका, कोल्हापुरात ते जेवणालाही म्हणतात. त्याऐवजी विचारा, गोष्ट काय होती सांगा. त्यांनी सांगितलेली गोष्ट तुमचीच निघाली तर उत्तम.

पोस्टर हातानं रंगवा. बाजारात सगळी पोस्टरं एकाच अॅपमधून निघाल्यासारखी दिसतात, तुमचं वेगळं उठून दिसेल आणि ते काम तुम्हाला येतंच.

गावात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी आहे, त्यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात काय चाललंय तेही बघत जा. तिथं बघितलेल्या फिल्ममधला एक प्रसंग घरी येऊन सहा चौकटींत आठवून काढा, परत तेच स्मरणचित्र. चित्रकला पुढं शिकायची तर कलानिकेतन आहे, दळवीज् आहे, घराजवळच सोय आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते, तेव्हा बारावीनंतर लगेच तिकडं धाव घेऊ नका. लहान मुदतीचे वर्ग असतात ते बघा. मोरेवाडीची चित्रनगरी आणि आसपासची गावं, जिथं मालिकांची शूटिंग लागतात, तिथं कला विभागात हात लावायला मिळतोय का विचारा. सुरुवातीला भिंत रंगवायला लावतील, जुनी दिसावी म्हणून चहाच्या पाण्याचे ओघळ सोडायला लावतील. हे काम चित्र येणाऱ्यालाच जमतं, आणि ते करता करता तीन फुटांवर कॅमेरा कसा लागतो, लाइटदादा काय मागतो, दिग्दर्शक नटाच्या कानात काय सांगतो, हे सगळं दिसत राहतं. पैसे किती मिळणार आणि कधी, हे मात्र पहिल्या दिवशीच विचारून घ्या.